गोगलगायीचं पाणी

ओये वारा सुटला की गारीच्या शेडमध्ये तव्यांवरून भांडणं लागतात. हा वारा उत्तरेकडून येतो, धूळ घेऊन येतो, आणि त्यात ओलावा अजिबात नसतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि किसून दाबलेला कसावा एरवीपेक्षा निम्म्या वेळात कोरडा होतो. म्हणून या दिवसांत प्रत्येक बाईला त्याची रव्यासारखी गारी भाजायला तवा हवा असतो. शेडमध्ये तवे चार. कोणाची पाळी कधी, हे मोजिरादे ठरवायची. शेड तिच्या मालकीची नव्हती. पण तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तिची चारही मुलं जगली होती. एवढं पुरेसं होतं.

त्या सकाळी तिची सून इबिदुन भिंतीला टेकून कसावा सोलत होती. पोट इतकं पुढे आलं होतं की पाय लांब सोडल्याशिवाय तिला बसता येत नव्हतं. सुरीने उभी चीर द्यायची, अंगठा घालून साल ओढायची, कंद पाण्यात टाकायचा. चीक बोटांवर सुकून पांढरा पापुद्रा धरत होता. पलीकडे किसणीचं यंत्र धडधडत होतं आणि दगडांखाली दाबलेल्या गोण्यांमधून आंबट पाणी चरात गळत होतं.

"नवरीबाई, पाय आवरा," असाबी म्हणाली आणि तिच्या घोट्यावरून गोणी ओढत पुढे गेली.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी बायका इबिदुनला नवरीच म्हणत. मूल झालं की बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई. इबिदुनचं पहिलं मूल जन्मतानाच मेलं होतं. त्याला नाव मिळालं नाही, म्हणून तिलाही नाही.

असाबीने गोणी तव्याजवळ आदळली. "अडिगुनच्या आई, आज मला तवा हवा."

"तुझी पाळी परवा," मोजिरादे म्हणाली. ती तव्यापुढे बसून वाळक्या भोपळ्याच्या उलथण्याने गारी परतत होती. तिने वर बघितलं नाही.

"परवा नाही, आज. आणि तुझी पाळी आता संपली. तुमच्या घरचा कसावा इथल्या तव्यावर भाजायचा नाही. आमचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. विचार." असाबीने मागे हात केला. मागच्या बायका कामात मान घालून बसल्या. "तुझ्या सुनेला लहानपणी कापलेलं नाही. कोरी आहे ती. पहिल्या बाळाचं डोकं त्या न कापलेल्या जागेला लागलं आणि ते मेलं. आता दुसरं पोटात घेऊन ती आमच्या कसाव्यात हात घालते. माझीही सून पोटुशी आहे, बाई. मला नाही धोका घ्यायचा."

"तोंड सांभाळ, असाबी."

"माझं तोंड राहू दे. तू तुझं घर सांभाळ. बाप गावचा ओलोला, सगळ्या गावाच्या पोरींची सुंता त्याच्या हातची. आणि घरात सून आणली ती ही. आम्ही हसायचं तरी किती?"

एक बाई खरंच हसली. मग दुसरी.

मोजिरादे उठली. सगळ्यांना वाटलं ती असाबीच्या झिंज्या धरणार. पण ती सरळ भिंतीकडे गेली आणि हातातलं गरम उलथणं तिने इबिदुनच्या दंडावर मारलं. एकदा, मग पुन्हा. उलथण्याच्या कडेला चिकटलेली गारी कातडीला चिकटली. इबिदुनने हात पोटावर धरले आणि पाठ पुढे केली.

"ऐकलंस? कानांनी ऐकलंस ना? तुझ्यापायी हे ऐकावं लागतंय मला!"

कोणी मध्ये पडलं नाही. तिसरा फटका पाठीवर बसला आणि भोपळ्याच्या उलथण्याचे दोन तुकडे झाले. तेव्हा मोजिरादे थांबली. असाबीने तवा घेतला आणि चुलीत लाकूड सारलं.

दुपारी असाबीची शेळी चरातलं पाणी प्यायली. तिचे पाय आखडले, तोंडाला फेस आला, आणि गोण्यांच्या कडेला ती खूर झाडत मेली. तेव्हा मात्र कोणी इबिदुनचं नाव घेतलं नाही. कसाव्याच्या पाण्याने शेळी मरते हे गावात लहान मुलालाही माहीत होतं.

*

घरी मोजिरादेची आई अवेरो उंबऱ्यावर बसून मांडीवरच्या सुपात एगुसीच्या, म्हणजे कलिंगडासारख्या, बिया सोलत होती. तिने सत्तरी ओलांडली होती. तिचा नवरा गावचा ओलोला होता: मुलांच्या गालांवर घराण्याच्या खुणा करायच्या, मुलांची आणि मुलींची सुंता करायची, हे त्या घराण्याचं काम. जन्मभर तो पाती चालवत आला आणि अवेरो बाळांचे पाय धरत आली. मग ती मोठ्या गोगलगायीच्या शंखाचं टोक फोडायची, आतलं पाणी जखमेवर थेंबथेंब सोडायची, आणि रडणाऱ्या आईला सांगायची, "थंड असतं. झोंबत नाही." नवरा गेल्यावर पात्या त्याच्या पुतण्याकडे, ओगुनदेलेकडे गेल्या आणि अवेरो लेकीकडे राहायला आली.

इबिदुनने गुडघे टेकून तिला नमस्कार केला. उठताना तिला दाराची चौकट धरावी लागली. अवेरोने दंडावरचे फोड बघितले.

"कोणी?"

इबिदुनने दंडावर कापड ओढलं. मागून मोजिरादे आली आणि तिने डोक्यावरचं टोपलं खाली आपटलं. आईला ती इया म्हणे.

"मी मारलं. आणि गरज पडली तर पुन्हा मारीन. तवा गेला, इया. या मोसमात आपली गारी परसातल्या चुलीवर भाजायची, भिकाऱ्यासारखी."

"पोटात बाळ असताना मारतेस?"

"बाळासाठीच मारते." मोजिरादे माठातलं पाणी घटाघटा प्यायली. "आता ऐका दोघी. मुलगी झाली तर नाव ठेवायच्या आधी ओगुनदेले येईल. आणि पोर बसायला लागली की या सुनेचंही करून टाकेल. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा."

"आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, आता बंदी आहे," इबिदुन म्हणाली.

"नर्सबाईने तुझं पहिलं जगवलं का?"

 इबिदुनच्या आईने तिला कापू दिलं नव्हतं. तिच्या माहेरच्या गावात तेव्हाच हे थांबत आलं होतं. आई आता नव्हती, नाहीतर तिला विचारता आलं असतं. रात्री झोप लागत नसे तेव्हा इबिदुन स्वतःच्या अंगाचा विचार करायची, घरात विंचू शिरला आहे हे कळलेल्या माणसासारखा. खरंच असेल तर? आपल्याच अंगाने मारलं असेल तर?

अवेरोने बियांचं सूप खाली ठेवलं. "त्या पहिल्याच्या गळ्यात नाळ होती ना?"

"होती," इबिदुन म्हणाली. "दोन वेढे. निळं पडलं होतं."

"नाळ सगळ्यांनाच असते," मोजिरादे म्हणाली. "माझ्या अडिगुनलाही होती. तो मेला का? मला कापलेलं होतं म्हणून नाही मेला."

अवेरोने लेकीकडे बघितलं. मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

*

परसातल्या चुलीवरचा तवा लहान होता. जितकी गारी शेडमध्ये एका खेपेत व्हायची तिला इथे दिवस जायचा. मोजिरादे आणि इबिदुन पहाटे सुरू करायच्या. धूर वाऱ्याने जमिनीलगत पसरायचा आणि दोघींचे डोळे दिवसभर लाल असायचे. इबिदुनचा नवरा अडिगुन पामची फळं तोडायला जायचा, संध्याकाळी यायचा, दोघींमधलं मौन बघायचा आणि जेवून बाहेर निघून जायचा. एकदा इबिदुनने त्याला परसात गाठलं.

"तुम्ही आईंना सांगा."

"काय सांगू? सगळ्यांचं करतात. माझ्या बहिणींचं केलं. त्या मेल्या का?"

"मुलगी झाली तर मी नाही करू देणार."

तो कमरेचा दोर गुंडाळत होता. "आणि पुढचं मेलं तर? पुन्हा मी खड्डा खणायचा?" तो ओरडला नाही. पहिल्या बाळासाठी खड्डा त्यानेच खणला होता. 

कळा सुरू झाल्या त्या एका दुपारी, दगड उचलताना. गोणीवरचा दगड इबिदुनच्या हातातून सुटला आणि तिच्या पायांखालची माती ओली झाली. मोजिरादेने तिला काखेत धरून खोलीत नेलं, चटईवर बसवलं, पाठीमागून गुडघ्यांनी आधार दिला. यात ती चांगली होती. तिचे हात घट्ट होते आणि ती घाबरत नसे.

संध्याकाळ व्हायला आली तरी डोकं पुढे येईना. इबिदुनचा आवाज बसला होता. मोजिरादेच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तिचा चेहरा बदलू लागला होता.

"पुन्हा तेच होतंय," ती म्हणाली. "वाटेत तेच आहे. अडिगुन! अरे अडिगुन! पळ, ओगुनदेलेमामाला आण. पाती घेऊन ये म्हणावं, आत्ताच्या आत्ता. आधी वाट मोकळी करायची, मग बाळ येईल."

"नाही," इबिदुन म्हणाली. ती गुडघ्यांवर सरकू लागली. मोजिरादेने तिचे केस धरून तिला मागे ओढलं.

"मरशील! ते मरेल आणि तूही मरशील!"

"आई, सोडा, आई..."

"धर हिला, इया! पाय धर!"

अवेरो दारात उभी होती. तिने मुसळ उचललं आणि बाहेर अडिगुनच्या वाटेत आडवं धरलं. तो थांबला.

"तू पाणी तापव," ती नातवाला म्हणाली. "एक पाऊल जरी बाहेर टाकलंस तर हे मुसळ तुझ्या टाळक्यात घालीन."

"इया, वेड लागलंय का तुला?"

"आणि तू तिचे केस सोड. अशी ओढलीस तर ती जोर कसा लावेल?"

मोजिरादेने केस सोडले. तिच्या मुठीत एक बट राहिली. इबिदुन हातापायांवर ओणवी झाली, तिने चटईची कड दातांत धरली, आणि तशाच अवस्थेत पुढच्या दोन कळांमध्ये डोकं बाहेर आलं. निळसर, आणि गळ्याभोवती नाळेचा फास. अवेरो खाली बसली. तिने एक बोट नाळेखाली घातलं, ती सैल केली आणि डोक्यावरून काढली, गोणीच्या तोंडाची दोरी काढावी तशी. खांदे आले. मग सगळं एकदमच आलं.

मुलगी होती. अवेरोने तिला पालथी धरून पाठ चोळली. ती रडली.

गळ्यात नाळ घेऊन येणाऱ्या मुलीचं नाव आधीच ठरलेलं असतं. आयिना. मोजिरादेने ते मोठ्याने उच्चारलं आणि ती भिंतीला टेकून बसली. 

"जगली," इबिदुन म्हणाली. "आई, जगली. डोकं लागलं असेल ना? तरी जगली."

मोजिरादेने हातातली केसांची बट बघितली आणि ती चुलीत टाकली. "एकदा चुकून सुटतं माणूस," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा नाही सुटत."

*

आयिनाला आंघोळ मोजिरादे घालायची. ती पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची, गरम पाण्याने चोळायची, पामच्या तेलाने सांधे सांधे मोकळे करायची, दोन्ही हातांना धरून वर उडवायची. तळहाताने डोकं गोल करायची. बाळाला बघून ती एखाद्या वेळी हसायचीही. इबिदुनला वाटलं, विसरल्या असतील.

पण बाजाराहून येताना मोजिरादेने गोगलगायी आणल्या. मुठीएवढे शंख, ओल्या पानांत गुंडाळलेले. ते घमेल्यात ठेवून तिने वर टोपलं पालथं घातलं.

"असाबी भेटली," ती म्हणाली. "म्हणते, नाव ठेवायच्या दिवसापर्यंत टिकायची नाही तुमची पोर. सगळ्या बाजारात म्हणते. मी म्हटलं, येशीलच ना नाव ठेवायला, तेव्हा बघ. म्हटलं, आमच्या घरात आता सगळं रीतीने होतं."

इबिदुनने रात्रीचं जेवण वाढलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी मोजिरादे चुलीपाशी बसली असताना तिने बाळाला पाठीशी बांधलं, एक कापड काखेत घेतलं आणि परसाच्या मागून निघाली. आरोग्य केंद्र मोठ्या रस्त्याला होतं. तिथपर्यंत गेलं की गाडी मिळते.

कसाव्याच्या वाफ्यापर्यंतच ती पोचली. बाळंतपणाला आठवडाही झाला नव्हता आणि तिला भराभर चालता येत नव्हतं. मोजिरादे मागून धावत आली. तिने बाळाचं कापडच धरलं. गाठ सुटली. बाळ घसरायला लागलं तेव्हा दोघींनी एकदमच त्याला झेललं, आणि क्षणभर दोघी एकमेकींच्या अंगाला चिकटून, चार हातांत बाळ धरून उभ्या होत्या.

"सोड," मोजिरादे म्हणाली.

"माझी आहे."

मोजिरादेने डोक्याने तिच्या तोंडावर धडक दिली. इबिदुनचा ओठ दातांवर फाटला. तिचे हात सैल झाले. मोजिरादेने बाळाला काखेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट पिरगाळून तिला घरापर्यंत ओढत आणलं. रस्त्यात दोन बायका भेटल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मोजिरादेने नमस्कार घेतला.

परसात आल्यावर मोजिरादेने बाळाला अवेरोच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा इबिदुनने मनगट सोडवलं आणि तापलेल्या तव्यातली गारी ओंजळीने उचलून सासूच्या अंगावर फेकली. तिच्या स्वतःच्या हातांची कातडी निघाली. मोजिरादेच्या मानेवर, छातीवर दाणे चिकटले. ती ओरडली नाही. तिने इबिदुनला कोठीत ढकललं आणि कडी घातली.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "ओगुनदेलेला मी निरोप दिलाय."

दूध पाजायच्या वेळी अवेरो कडी काढायची, बाळ आत द्यायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. एकदा इबिदुनने तिला विचारलं, "आजी, तुम्ही इतक्या जणींचे पाय धरलेत. दुखतं का हो त्यांना?"

"रडायच्या," अवेरो म्हणाली.

"पण दुखतं का?"

 अवेरोने बाळ परत मागितलं.

*

ओगुनदेले सकाळी आला. पन्नाशीचा, सडपातळ, मवाळ माणूस. पोलिसांच्या भीतीने पात्या तो आता चामड्याच्या पिशवीत न ठेवता डब्यात, भातामागे लपवून आणायचा. त्याने अवेरोसमोर लोटांगण घातलं.

"काकी, ठीक आहात ना?"

"ठीक आहे."

"लवकर आटपू, ताई," तो मोजिरादेला म्हणाला. "मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एकाला धरून नेलं."

अंगणात चटई घातली. मोजिरादेने घमेल्यावरचं टोपलं काढलं. गोगलगायी एकमेकींवर चढून घमेल्याच्या काठापर्यंत आल्या होत्या. एक काठावरून बाहेर डोकावत होती. तिला मोजिरादेने आत ढकललं. अडिगुनने कोठीची कडी काढली आणि बायकोला मागून दोन्ही हातांनी आवळून धरलं. इबिदुनने त्याच्या मनगटाला चावा घेतला. त्याने पकड सैल केली नाही. त्याच्या मनगटातून रक्त आलं तरी तो तिच्या कानाशी एकच सांगत राहिला, "होऊन जाऊ दे, होऊन जाऊ दे."

मोजिरादेने बाळाला चटईवर उताणं ठेवलं आणि त्याचे हात धरले. "इया, ये. तुझी जागा घे."

अवेरो आली. ती चटईच्या कडेला बसली, नेहमीसारखी उजवा गुडघा मोडून, आणि तिने आयिनाचे दोन्ही घोटे एका हातात धरले. किती वर्षांनी धरले तरी पकड तीच होती. इबिदुनने ते बघितलं आणि ती किंचाळली. शब्द नव्हते त्यात.

ओगुनदेलेने पाती पुसली, पुटपुटला, आणि वाकला.

अवेरोने दुसरा हात पुढे केला आणि पाती मुठीत धरली.

त्याला आधी कळलंच नाही. त्याने हात मागे ओढला आणि पाती तिचा तळवा चिरत सरकली. चटईवर रक्त पडलं, बाळाच्या पोटावर पडलं. मोजिरादे बाळाकडे बघून ओरडली, "काय केलंस रे!" आणि मग तिला दिसलं की रक्त कुणाचं आहे.

"काकी! सोडा, काकी, बोटं जातील!"

"तू सोड," अवेरो म्हणाली.

त्याने पाती सोडली. अवेरोने मूठ मात्र उघडली नाही. ती तशीच छातीशी धरून तिने पायाने घमेलं बाजूला सारलं.

"हिला कापायचं नाही. कापलं नाही म्हणून कोणी मरत नाही. मोजिरादेची चार मुलं मेली का?"

"मला कापलेलं आहे!" मोजिरादे म्हणाली.

"तुला कापलेलं नाही."

अंगणात फक्त बाळ रडत होतं.

"तुझ्या आधीची अयोका," अवेरो म्हणाली. "माझी पहिली."

"ती तापाने गेली."

"तापाने नाही. तुझ्या बापाने तिला कापलं. मीच पाय धरले होते. रक्त थांबेना. एकामागून एक गोगलगायी फोडल्या, पाला बांधला, राख भरली. उजाडायच्या आत ती पांढरी पडली, कसाव्याच्या गरासारखी. मग तू झालीस. तेव्हा तुझा बाप कुणाला जवळ येऊ देईना. त्याने खोलीचं दार लावलं आणि स्वतःच्या अंगठ्यावर पाती ओढली. ते रक्त फडक्याला लावून त्याने बाहेर बायकांना दाखवलं. मी आत तुला चिमटे काढत होते, रडावंस म्हणून."

 मोजिरादेच्या बापाच्या डाव्या अंगठ्यावर आडवी खूण होती. लहानपणी ती त्या खुणेवर बोट फिरवायची. तो म्हणायचा, कंद कापताना लागलं.

"आणि मग?" ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या पोरी?"

"दुसऱ्यांच्या कापत राहिलो."

मोजिरादेने आईच्या तोंडात मारली. उलट्या हाताने, पूर्ण जोर लावून. अवेरो कुशीवर पडली, पण मूठ छातीशीच होती. अडिगुनचे हात गळून पडले. इबिदुन सुटली, चटईवर झेपावली आणि तिने बाळाला उचललं. कोणी तिला अडवलं नाही.

"काकाने लोखंडाला फसवलं," ओगुनदेले म्हणाला.  "लोखंडाच्या देवाला, ओगुनला फसवलं. त्याच पात्या मी वापरतोय इतकी वर्षं. माझं काय होईल आता?"

"थांब," मोजिरादे म्हणाली. "जातोस कुठे?" ती चटईवर आडवी झाली, आईच्या रक्तावर. कमरेचं कापड तिने मुठीत धरलं. "माझं कर. सगळ्या गावात मी सुनेला कोरी म्हणून शिव्या देत फिरले. कर माझं. आण ती पाती."

"ताई, उठा."

"कर म्हणते ना!"

"ताई, मी हात नाही लावणार. बाटलेली आहे ती पाती." तो मागे मागे सरकत होता. डबा तिथेच पडला, भात सांडला. फाटकापाशी त्याच्या पायातली चप्पल निघाली. ती न उचलता तो रस्त्याला लागला. उजव्या हाताला गेला तो. असाबीचं घर तिकडेच होतं.

"सांगणार हा," अडिगुन म्हणाला. "आई, अडवू का त्याला?"

मोजिरादे आभाळाकडे बघत पडून होती. धुळीमुळे सूर्य पांढरा दिसत होता. मानेवरचे भाजलेले फोड फुटून तिच्या गळ्याखाली पाणी आलं होतं.

"चार," ती म्हणाली. "चार मुलं काढली मी. चार डोकी."  मग, "असाबीचं पहिलं मेलं होतं. आणि तिला कापलेलं आहे. बाबांनीच कापलं होतं."

इबिदुन भिंतीला पाठ लावून बाळाला पाजत होती. तिच्या तळहातांना कातडी नव्हती म्हणून तिने बाळाला कोपरांत धरलं होतं. बाळाच्या पोटावरचं रक्त सुकायला लागलं होतं. आपण अजूनही पळून जाऊ शकतो, असं तिच्या मनात आलं, आणि कोणी अडवणार नाही. ती उठली नाही.

अवेरो कशीबशी उठून बसली होती. मुठीतून रक्त कोपरापर्यंत येऊन टपकत होतं. मोजिरादे उठली. तिने आईकडे बघितलं, मग अंगणाकडे. घमेलं कलंडलं होतं आणि गोगलगायी मातीत पसरल्या होत्या. धूळ लागून त्यांचं अंग आत ओढलं गेलं होतं. तिने त्यातली सगळ्यांत मोठी उचलली, चुलीच्या दगडावर शंखाचं टोक ठेवलं आणि दुसऱ्या दगडाने फोडलं.

"हात उघड," ती म्हणाली.

अवेरोने मूठ आवळलेलीच ठेवली.

मोजिरादेने तिचं मनगट धरलं, आपल्या गुडघ्याखाली दाबलं आणि एकेक बोट सरळ केलं. पाती तळव्यात रुतलेली होती. ती तिने काढली आणि लांब फेकली. जखम अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत उघडी होती. तिने शंख तिरका केला. पाणी आधी आलं नाही, मग आलं, दाट, जरासं निळसर, थेंब थेंब.

अवेरोचा खांदा ताठ झाला. पाय मातीत घासले गेले. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण लेकीची पकड घट्ट होती.

"हलू नकोस," मोजिरादे म्हणाली.

"झोंबतंय," अवेरो म्हणाली. मग पुन्हा, इतक्या हळू की फक्त इबिदुनने ऐकलं, "झोंबतंय गं."

मोजिरादेने दुसरी गोगलगाय उचलली.